पनवेलची ‘डाएट’ म्हणजे काय? झेडपीचा मास्तर कुठे शिकतो आणि गावाने त्याला काय विचारायचे

आपटा (ता. पनवेल) : जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन गुरुजी किंवा नवीन बाई रुजू झाल्या की गावात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. कुठल्या जिल्ह्याचे? राहणार कुठे? आणि रोज येणार कशाने, रेल्वेने की मोटारसायकलने? हे मास्तर शिकवायला कुठे शिकले, शिकवताना त्यांना कोण शिकवते, हे मात्र कुणी विचारत नाही. बैल घेताना माणूस दात मोजून घेतो. पोरगं ज्याच्या हवाली करायचं त्याची मात्र चौकशी होत नाही.

पनवेलला सरकारची संशोधन ठिकाणे आहेत, त्यांतली दोन पाहू. एक खार जमीन संशोधन केंद्र. ते खाडीकाठच्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे, कारण खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथून निघाले. दुसरे ठिकाण म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, सगळे तिला ‘डाएट’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शिक्षणातले संशोधन हे तिचे काम. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला असले तरी ही संस्था पनवेलला आहे, म्हणजे आपट्यापासून हाकेच्या अंतरावर. तरीही गावात दहा जणांना विचारा, नऊ जण डाएट म्हणजे वजन कमी करायचे खाणे असेच सांगतील.

भाताचे नवे वाण निघाले की पाच-सात वर्षांत ते बांधावर पोचते. शिकवण्याची नवी पद्धत निघाली तर ती वर्गात पोचते का, पोचत नसेल तर कुठे अडते, हे समजून घ्यायचे तर आधी मास्तर कसा घडतो ते पाहावे लागते.

फायनल पास ते टीईटी

जुन्या पिढीतले गुरुजी ‘फायनल’ पास असायचे. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाली की नोकरी लागायची, मग पी.टी.सी. म्हणजे प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण. पुढे डी.एड. आले. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम, आता त्याचे नाव डी.एल.एड. झाले आहे. त्यात बालमानसशास्त्र, विषय शिकवण्याच्या पद्धती, मूल्यमापन हे सगळे असते. शिवाय सराव पाठ असतात. पाठ टाचण काढायचे, शैक्षणिक साहित्य बनवायचे, खऱ्या शाळेत जाऊन वर्गावर पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकाने निरीक्षण वहीत शेरा लिहायचा.

दोन हजार सालानंतर खासगी डी.एड. कॉलेजांचे राज्यभर पेव फुटले. गावोगावच्या पोरांनी शेत गहाण टाकून डी.एड. केले. नंतर भरती थांबली आणि तीच कॉलेजे विद्यार्थ्यांअभावी ओस पडली. डी.एड. करून शेती किंवा कंपनीत कंत्राटी काम करणारी माणसे आज प्रत्येक गावात सापडतील.

आता नुसत्या डी.एड.वर भागत नाही. शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास व्हावी लागते. राज्यातली पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला आधी महिन्याला ६,००० रुपये मिळत, २०२३ पासून १६,००० झाले. बी.एड. झालेल्या गावातल्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवावे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी डी.एल.एड.च लागेल, बी.एड. चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचाच १ सप्टेंबर २०२५ चा आणखी एक निकाल आहे आणि त्याने शिक्षकांची झोप उडवली. नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल तर दोन वर्षांत पास व्हायचे. ज्यांची पाच वर्षे किंवा कमी राहिली ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण टीईटीशिवाय बढती नाही. वीस-पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेला माणूस आता रात्री गाइड घेऊन बसतो. तुमच्या शाळेतले गुरुजी सध्या गप्प गप्प वाटत असतील तर हेही एक कारण असू शकते. परीक्षा घेऊन ज्ञान कळते. पण रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवता येते का, ते कुठल्या पेपरात विचारतात?

डाएट काय करते

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून डाएट निघाली. त्याआधी शिक्षणाचे संशोधन दिल्लीत किंवा पुण्यात व्हायचे. प्रत्येक जिल्ह्याची बोली वेगळी, धंदा वेगळा, पाऊस वेगळा. तेव्हा जिल्ह्याची स्वतःची संस्था हवी, असा विचार होता. केंद्र सरकारने १९८७ पासून योजना सुरू केली आणि १९८९ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात डाएटच्या सात शाखा ठरवून दिल्या होत्या. नवीन शिक्षक घडवणे, नोकरीतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन, शैक्षणिक साहित्य, नियोजन वगैरे. त्यातच एक फार शहाणपणाची गोष्ट होती. प्रत्येक डाएटने जवळपासचा एक भाग ‘प्रयोग क्षेत्र’ म्हणून घ्यावा, तिथल्या शाळांत नव्या पद्धती आधी स्वतः करून पाहाव्यात आणि मगच जिल्ह्यावर सोडाव्यात. शेतीत आपण याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो.

डाएटच्या वर पुण्यात सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. १९६४ साली ती राज्य शिक्षण संस्था होती, १९८४ ला परिषद झाली, २०१६ ला ‘विद्या प्राधिकरण’, २०२० ला पुन्हा परिषद. पाट्या बदलल्या, इमारत तीच. डाएटच्या खाली तालुक्याला गटसाधन केंद्र, त्याखाली दहा-बारा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख. केंद्रातले सगळे शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसतात त्याला शिक्षण परिषद म्हणतात. गुरुजी ‘आज परिषद आहे’ म्हणून दुपारनंतर शाळेत दिसत नाहीत, ती हीच.

कागदावर पाणी वरून खाली नीट उतरते. पुण्यात काही लोकांना प्रशिक्षण, त्यांनी जिल्ह्याला द्यायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. पण शेवटच्या वावरात किती पाणी पोचते हे पाट काढणाऱ्याला माहीत असते. पुण्यात पाच दिवस झालेले प्रशिक्षण केंद्रावर दोन तासांत उरकते. मधल्या काळात पीपीटीचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात आणि हजेरीची लिंक भरली की झाले. शिक्षकांना दोष देण्याआधी हेही पाहायला हवे की त्याच माणसाकडे पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची यादीही असते. कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात काय होते ते गावाला दिसतेच.

नांगर धरणारा मास्तर

मास्तर कसा असावा, हा वाद आजचा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. खेड्यातल्या शाळेवर शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले, प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमावेत, असे त्यांचे म्हणणे होते. वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाही, लोकांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल असा माणूस त्यांना हवा होता. प्रशिक्षित शिक्षकाला चांगला पगार द्यावा आणि मुलांना मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, असेही त्यांनी मांडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ ला साताऱ्यात ग्रामीण भागासाठी शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले, त्यामागेही हाच विचार. आधी मास्तर तयार करा, मग गावोगाव शाळा काढा.

अंगणातून निघालेले संशोधन

पण या विषयात सगळ्यात मोठे काम आपल्याच उत्तर कोकणात झाले आहे आणि ते फार जणांना ठाऊक नाही. ताराबाई मोडक यांनी आधी गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. पुढे मुंबईत दादरला त्यांनी बालमंदिर चालवले. तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. परदेशी पद्धतीची महागडी साधने घेऊन चालणारी शाळा शहरातल्या चार पोरांच्या कामाची, गावच्या पोराला तिचा काय उपयोग? म्हणून १९४५ ला त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले.

तिथे मुले शाळेत येईनात. तेव्हा या बायांनी शाळाच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज देशभर हा शब्द वापरला जातो आणि १९७५ ला केंद्र सरकारने बालविकास योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. अंगणात आल्यावर पहिले काम अक्षर नव्हते. पोरांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, मग गाणी. साधने म्हणजे शंख-शिंपले, चिंचोके, काड्या, पाने. गुरे राखणारी मुले दिवसभर रानात असतात हे दिसले तेव्हा कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आणि हे सगळे करत असतानाच तिथे बालसेविका आणि शिक्षिका तयार केल्या जात होत्या. त्यांचे शिकणे व्याख्यानाच्या हॉलमध्ये झाले नाही, पोरांच्या गराड्यात झाले.

शिक्षणातले संशोधन म्हणजे नेमके काय, याचे हे सगळ्यात सोपे उदाहरण. मूल येत नाही, का येत नाही ते जाऊन पाहा, एक उपाय करा, जमला नाही तर बदला, जमला तो लिहून ठेवा आणि दुसऱ्याला शिकवा. आज डाएटमध्ये याला ‘कृतिसंशोधन’ म्हणतात. शिक्षकाने आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, उपाय करायचा, आधी आणि नंतर मोजायचे, अहवाल द्यायचा. कल्पना उत्तम. फक्त बऱ्याचदा अहवाल बाइंडिंग होऊन कपाटात जातो, शेजारच्या शाळेलाही कळत नाही.

वाड्याचा अभ्यास आणि कुमठ्याची फरशी

अलीकडचे उदाहरणही उत्तर कोकणातलेच. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे येथे निलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि शिक्षकांबरोबर काम करते. याच वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०११ नंतर काही वर्षे मुले वाचायला कशी शिकतात याचा मोठा अभ्यास झाला. पहिली ते तिसरीच्या मुलांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. दिसले ते असे. वर्गात बराचसा वेळ अक्षरे आणि बाराखडी गिरवण्यात, फळ्यावरचे उतरवण्यात जातो. पुस्तकातले धडे मुलांना झेपत नाहीत. वाचले त्याचा अर्थ काय, यावर बोलणे फार कमी. आणि मुलाने स्वतःच्या मनातले लिहावे असा प्रसंग जवळजवळ येतच नाही. ज्यांच्या घरी पोरे आहेत त्यांना हे नवीन वाटणार नाही. वह्या भरलेल्या असतात, वाचून दाखव म्हटले की पोरगं खाली बघतं.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने याच अडचणीवर काम केले. क, ख, ग, घ अशा ठरलेल्या क्रमाने न जाता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा एकदम शिकवायच्या, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मूल खरे शब्द वाचू लागते. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये झेडपीच्याच शिक्षकांनी २०१२ नंतर ज्ञानरचनावादी पद्धत उभी केली. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. परत येऊन अनेकांनी वर्गाची फरशी रंगवली, चौकोन आखले, फोटो काढले. पण रंगवलेली फरशी हे कुमठ्याचे गुपित नव्हते. तिथले शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसून, पोर कुठे अडते ते बघून पद्धत बदलत होते. जपानमध्ये तर हीच शिक्षक-प्रशिक्षणाची जुनी रीत आहे. एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे भिंतीला उभे राहून मुलांकडे बघतात आणि नंतर बसून चर्चा करतात.

‘पानी’ लिहिणारे पोर चुकले का?

आता आपट्याच्या परिसराकडे येऊ. पाताळगंगेच्या काठचा हा भाग. एका बाजूला रसायनीचे कारखाने, दुसरीकडे सिनेमावाल्यांच्या आवडीचे रेल्वे स्टेशन आणि डोंगराकडेला कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या. आगरी घरातले पोर ‘पानी’ आणि ‘शाला’ म्हणते. वहीतही तसेच लिहिते. ज्याला हे माहीत नाही तो मास्तर लाल शाईने गोल करतो. ज्याला माहीत आहे तो ओळखतो की पोराने कानाला ऐकू आले तसे बरोबर लिहिले आहे, आता फक्त पुस्तकातला ‘ण’ आणि ‘ळ’ दाखवायचा आहे. पोर तेच. एका वर्गात त्याचा हात थरथरतो, दुसऱ्या वर्गात तो वर होतो.

कातकरी मुलाचे याहून अवघड. घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी. रायगडमध्ये शिक्षक बरेचदा घाटावरच्या जिल्ह्यांतून आलेले, त्यांना आगरीच कळायला वर्ष जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसाला कातकरी बोलीची तोंडओळख रुजू होतानाच मिळाली पाहिजे, नाहीतर कलम कलमापाशी राहते. असे प्रशिक्षण फक्त जिल्ह्याचीच संस्था देऊ शकते. जगात असे होते. नॉर्वेच्या पार उत्तरेला सामी नावाचे लोक आहेत, रेनडिअरचे कळप घेऊन फिरणारे. त्यांच्या भाषेत शिकवणारे शिक्षक तयार करण्यासाठी काउतोकेइनो या छोट्या गावात १९८९ ला उच्च शिक्षण संस्था काढली गेली. राजधानीत नाही, त्यांच्याच मुलखात.

गावाने काय करायचे

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी सभा म्हणजे सह्या आणि चहा. त्या सभेत एकच प्रश्न विचारून बघा. या वर्षी गुरुजींनी कुठले प्रशिक्षण घेतले आणि त्यातले वर्गात काय सुरू केले? भांडणाच्या सुरात नको, खरेच समजून घ्यायला विचारा. चांगल्या शिक्षकाला असे विचारलेले आवडते, कारण त्याच्या कामाची विचारपूस कुणी करतच नाही. केंद्रप्रमुख शेवटचे कधी आले आणि आल्यावर रजिस्टर पाहिले की पोरांना वाचायला लावले, हेही विचारता येते. डाएट सरकारी कार्यालय आहे, त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत करता येतो. आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांची कृतिसंशोधने कोणती, त्यांच्या प्रती मिळतील का, असे विचारले तर कपाट तरी उघडेल.

घरी करण्यासारखे एक काम आहे. ‘असर’ या नावाने २००५ पासून देशातल्या खेड्यांत घरोघरी मुलांची वाचन चाचणी होते. ती कुणालाही जमेल. आधी सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. पोराच्या स्वतःच्या पुस्तकातला धडा मात्र देऊ नका, तो पाठ असतो. दुसऱ्या कुणाचे पुस्तक घ्या. पाचवीतले पोर दुसरीची गोष्ट वाचू शकले नाही तर त्याला मारू नका, ती गोष्ट घेऊन शाळेत जा.

आणि वाड्यांवरच्या आईबापांसाठी, तसेच त्यांच्या ओळखीतल्या वाचकांसाठी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला कुटुंब निघते तेव्हा पोरांचे नाव शाळेत आणि पोर भट्टीवर असे होते. सहा महिने मध्येच गेलेल्या मुलाला परत आल्यावर कुठून शिकवायचे, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि यावर कोसबाडनंतर पुरेसे काम झालेले नाही. तोवर एवढे करा. गाडी येण्याआधी गुरुजींकडून पोराचे शिक्षण हमी कार्ड भरून घ्या. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवले की दाखल्याविना पोराला बसवून घ्यावे लागते, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. परत आल्यावर तेच कार्ड आपल्या शाळेत द्या. कार्ड मागायला दसऱ्यानंतर लगेच जा, दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते.